गॅसिफायरला लागतं कोरडं लाकूड

गॅसिफायर म्हणजे लाकूड कमी हवेत जाळून त्याचा जळाऊ गॅस करणारी भट्टी. घरगुती गॅसिफायरवर चालणाऱ्या इंजिनाचे व्हॉल्व्ह लाकडातून निघणाऱ्या चिकट डांबराने चिकटले की संशय आधी फिल्टरवर जातो. मला विचाराल तर आधी लाकूड तपासावं. डाउनड्राफ्ट, म्हणजे गॅस निखाऱ्यांतून खाली ओढणाऱ्या, गॅसिफायरला २० टक्क्यांच्या आत ओलावा हवा. १० ते १५ असेल तर उत्तम. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाने जवळपास निम्मं पाणीच असतं.

हिशेब मांडून बघा. ४० टक्के ओलं एक किलो लाकूड घेतलं, तर त्यात कोरडं लाकूड ६०० ग्रॅम, म्हणजे साधारण ११ मेगाज्यूल ऊर्जा. उरलेल्या ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला एक मेगाज्यूल लागतो. चुलीत हे खपून जातं. गॅसिफायरमध्ये मात्र हवा मुद्दाम कमी सोडतात, पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या पाव ते एक तृतीयांश. आत मोकळी होणारी उष्णताही त्याच प्रमाणात, जेमतेम तीन-साडेतीन मेगाज्यूल. त्यातला एक वाफेतच गेला, तर निखाऱ्यांचा थर थंडावणारच. मग डांबराची वाफ न तुटता तशीच पुढे इंजिनात जाते, आणि गॅसमधला कार्बन मोनॉक्साइडही घटतो.

पाणी सरसकट वाईट नाही. लालबुंद निखाऱ्यावरून वाफ गेली की हायड्रोजन मिळतो. म्हणून कोळशावरच्या गॅसिफायरमध्ये हवेबरोबर थोडं पाणी मुद्दाम सोडतात. लाकडाला त्याची गरज नसते.

ओलावा हाताला कळत नाही, काट्यावर कळतो. ओंडका मधोमध कापून आतल्या भागाच्या २०० ग्रॅम ढलप्या घ्या आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. १६० ग्रॅम उरल्या तर ओलावा २० टक्के. सुया टोचायचे मीटर बहुधा कोरड्या वजनावर टक्के काढतात. याच लाकडाला ते २५ दाखवतील.

लाकडातलं पाणी रेषांच्या दिशेने भराभर बाहेर पडतं, त्यामुळे लांब फळ्या चिरण्यापेक्षा आखूड तुकडे केलेले बरे. कोकणातल्या पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असली की छपराखालचं वाळलेलं लाकूडही ओल शोषून कोरड्या वजनाच्या १८-२० टक्क्यांवर येऊन थांबतं. मे महिन्यातच वाळवून झाकणबंद पिंपात भरावं, नाहीतर इंजिनाच्या धुराड्याच्या उष्णतेवर वाळवावं. धूर थेट लाकडावर सोडायचा असेल तर ते काम उघड्यावरच करा: त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद खोलीत तो जीव घेतो.