लालन की गगन? ‘मोनेर मानुष’ नक्की कुणाचा

बांगलादेशच्या राष्ट्रगीताची चाल लालन फकीरची आहे असं बरेच जण ठामपणे सांगतात, मीही कित्येक दिवस तेच सांगत फिरायचो. ती चाल लालनची नाही, गगन हरकराची आहे. पण गोंधळ होतो त्यात नवल काही नाही, कारण दोघंही आजच्या बांगलादेशातल्या कुष्टियाकडचे, दोघंही बाउल म्हणजे बंगालमधल्या गाणाऱ्या साधकांच्या परंपरेतले, दोघांचाही टागोरांशी संबंध येतो आणि दोघंही ‘मोनेर मानुष’ म्हणजे मनातच बसलेल्या त्या माणसाला शोधत गातात.

लालन हा मोठा फकीर, कुष्टियाजवळच्या छेउरियाला त्याचा आखडा होता, शिष्यांचा गोतावळा होता. गाणी त्याने स्वतः लिहून ठेवली नाहीत, तो गायचा आणि शिष्य उतरवून घ्यायचे. कथा अशी सांगतात की यात्रेत देवी आल्या, सोबतच्यांनी मेला समजून टाकून दिलं आणि एका मुसलमान जोडप्याने शुश्रूषा करून वाचवलं. आता यात खरं किती हे सोडा, पण लोक त्याला जात विचारत राहिले आणि त्याने त्यावरच गाणं केलं, ‘सब लोके कय लालन की जात संसारे’, म्हणजे सगळे विचारतात लालनची जात कोणती, आणि लालन म्हणतो जातीचं रूप मला या डोळ्यांनी दिसलंच नाही. एवढं सोप्पं उत्तर देऊनही लोक अजून तो हिंदू की मुसलमान यावर भांडतात, कमाल आहे! तो वारला 17 ऑक्टोबर 1890 ला. त्याच्या आदल्या वर्षी रवींद्रनाथांचे थोरले भाऊ ज्योतिरिंद्रनाथांनी त्याचं स्केच काढलं, आज आपण लालन म्हणून जो चेहरा बघतो तो त्यातूनच आलाय. रवींद्रनाथांनी पुढे त्याची 20 गाणी ‘प्रवासी’ मासिकात छापली.

गगनचं तसं नाही. हा शिलाईदहच्या पोस्टात टपाल वाटायचा, आडनावासारखं वाटणारं ‘हरकरा’ म्हणजे आपल्या पेशवाईतल्या कागदपत्रांत भेटतो तो हरकाराच. आखडा नाही, शिष्य नाहीत, पत्रं वाटायची आणि गायचं. टागोरांची जमीनदारी तिथेच, त्यामुळे रवींद्रनाथांनी त्याचं गाणं थेट त्याच्या तोंडून ऐकलं, ‘आमि कोथाय पाबो तारे, आमार मोनेर मानुष जे रे’. 1905 ला बंगालची फाळणी झाली तेव्हा त्यांनी ‘आमार सोनार बांगला’ लिहिलं ते याच चालीवर, आणि त्याच्या पहिल्या 10 ओळी आज बांगलादेशचं राष्ट्रगीत आहेत.

घोळ होतो तो शब्दांमुळेच, कारण लालनचंही ‘मिलोन होबे कोतो दिने आमार मोनेर मानुषेर शोने’ असं फेमस गाणं आहे. मग ‘मोनेर मानुष’ ऐकू आलं की लोक डोळे झाकून लालन म्हणतात, युट्यूबच्या कमेंटमध्ये तर हे रोजचंच. त्यापेक्षा सुरुवातीची ओळ बघायची, ‘कोथाय पाबो’ असेल तर पोस्टमन, ‘मिलोन होबे’ असेल तर फकीर.