निसर्गवहीमागचा इतिहास

झाडाला पहिला बहर कधी आला, कोणता पक्षी कुठल्या दिवशी परतला, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवायची, म्हणजे निसर्गवहीची, सवय फार जुनी आहे. जपानमध्ये क्योतोच्या दरबारी मंडळींच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशांत चेरीच्या बहराचे उल्लेख नवव्या शतकापासून सापडतात. लिहिणाऱ्यांना संशोधन करायचं नव्हतं. पण त्याच नोंदी जुळवून बाराशे वर्षांत वसंत कसा मागेपुढे झाला, हे आता अभ्यासता येतं.

मुद्दाम ठरवून वही चालवणाऱ्यांत इंग्लंडच्या नॉर्फकमधले रॉबर्ट मार्शम अग्रणी. १७३६पासून ते वसंताच्या खुणा टिपू लागले: कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली, पाकोळ्या कधी आल्या, कोकीळ पहिल्यांदा कधी ऐकू आला. १७८९मध्ये रॉयल सोसायटीने त्या नोंदी छापल्या. घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी हे काम १९५८पर्यंत चालू ठेवलं.

इंग्लंडमधल्याच सेलबोर्न गावचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांच्यापाशी मात्र थांबायला हवं. निसर्गाचे अभ्यासक डेन्स बॅरिंग्टन यांनी आखलेल्या छापील तक्त्यांची वही त्यांना मिळाली. त्यात वारा, पाऊस, तापमान, पहिली पालवी, पहिलं फूल, पक्ष्यांचं येणं-जाणं असे रकाने होते. १७६८पासून १७९३मध्ये मृत्यू येईपर्यंत व्हाइट ते भरत राहिले. त्या काळी ‘विलो रेन’ म्हणून एकत्र धरले जाणारे हिरवट-पिवळे चिमुकले वटवटे दिसायला जवळपास सारखेच. व्हाइट यांनी त्यांची गाणी लक्ष देऊन ऐकली, आवाज स्पष्टपणे वेगवेगळे आहेत हे ओळखलं आणि हे तीन निराळे पक्षी असल्याचं १७६८च्या ऑगस्टमध्ये प्राणिअभ्यासक थॉमस पेनंट यांना पत्राने कळवलं. पेनंट आणि बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या पत्रांचंच पुढे १७८९मध्ये पुस्तक झालं. मला यातली पत्रं वहीइतकीच मोलाची वाटतात. समोरचा जाणकार उलट प्रश्न विचारणार हे माहीत असलं, की माणूस पुन्हा जाऊन नीट बघतो. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत व्हाइट आणि मार्शम यांचाही पत्रव्यवहार सुरू झाला होता.

अमेरिकेत लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५०च्या दशकात कॉन्कर्ड गावाच्या परिसरात शेकडो वनस्पतींच्या फुलण्याच्या तारखा नोंदवल्या. सुमारे दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्याच परिसरात फिरून तुलना केली, तेव्हा नेहमी आढळणाऱ्या वनस्पती सरासरी आठवडाभर आधी फुलत असल्याचं दिसलं. प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी तर १९०८पासून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात क्षेत्रनोंदींची शिस्तच लावली. जागा, तारीख, हवामान, प्राण्याचं वागणं, सगळं तिथल्या तिथे लिहायचं. पुढे शंभर वर्षांनी कोणीतरी हे वाचणार, हा हिशेब त्यांच्या मनात पहिल्यापासून होता.

नोंदी इतरांपर्यंत पोचवण्याची रीत आता बदलली आहे. २००२मध्ये पक्षीनोंदींचं ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळ आलं, २००८मध्ये सगळ्या सजीवांच्या नोंदींचं ‘आयनॅचरलिस्ट’. आयनॅचरलिस्टवर फोटो, तारीख आणि ठिकाण टाकलं की ओळख पटवायला अनोळखी जाणकार पुढे येतात, आणि पुरेसं एकमत झालेल्या नोंदी जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जातात. तरी पक्षी फांदीवर काय करत होता, शंका नेमकी कुठे आली, पिसाचा रंग उन्हात कसा दिसला, हे अजूनही वहीतच सविस्तर उतरतं.