डोकेदुखीचा हिशोब, न दुखलेल्या दिवसांसकट

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूध, सिलिंडर, कामवालीचे खाडे असं सगळं लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी त्यात माझ्या अर्धशिशीची भर पडली. डोकं दुखलं की त्या तारखेच्या चौकोनात फुली. आभाळ भरून आलं की माझं डोकं धरतं, याबद्दल तोवर मला शंकाच नव्हती.

जुलैअखेर फुल्या मोजल्या. आठ निघाल्या आणि त्यातल्या सहा ढगाळ दिवसांच्या. ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ असं नवऱ्याला ऐकवूनही झालं. त्याने एवढंच विचारलं, ‘ढगाळ दिवस एकूण किती होते?’ मुंबईतला जुलै तो! 31 पैकी 24. म्हणजे ढगाळ 24 दिवसांत सहा वेळा दुखलं, तर उघडीप असलेल्या सात दिवसांत दोन वेळा. भागाकार केला तर उघडिपीचंच पारडं किंचित जड. ढग होते पण डोकं शांत होतं असे 18 दिवस मी हिशोबात धरलेच नव्हते. कोण धरतं? न दुखलेला दिवस लक्षात राहत नाही.

ही चूक माझ्या एकटीची नाही. डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की यांनी संधिवाताच्या 18 रुग्णांच्या वेदनांची 15 महिने नोंद ठेवली आणि ती हवामानाशी ताडून पाहिली. 1996 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: संबंध सापडला नाही. रुग्णांची खात्री मात्र पक्की होती. पुढे ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून जास्त लोकांनी फोनवर रोजच्या दुखण्याची नोंद केली. 2019 च्या त्या अभ्यासात दमट, वाऱ्याच्या आणि हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी दुखणं थोडंसं वाढलेलं दिसलं. तेव्हा पावसाळ्यात गुडघे धरून बसणारी आजी अगदीच चुकत नव्हती. पण परिणाम इतका बारीक की नुसत्या आठवणीवर तो पकडता येणार नाही.

नोंद त्या त्या दिवशीच करायची, हेही महत्त्वाचं. 2002 मधल्या एका प्रयोगात दीर्घ वेदनेच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या आणि डायरी कधी उघडली हे टिपणारं यंत्र आत लपवलं होतं. रुग्णांच्या म्हणण्यानुसार 90 टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या; यंत्राच्या हिशोबाने 11 टक्के. (शाळेतल्या शुद्धलेखनाच्या वह्या आठवल्या.)

नोंदी चोख असल्या तरी कारण आणि परिणाम यांची उलटापालट होतेच. चॉकलेट खाल्लं आणि अर्धशिशी उठली, असं पुष्कळजण सांगतात. पण अर्धशिशीची सुरुवात प्रत्यक्ष दुखण्याच्या काही तास, कधी दोन दिवस आधीच होते: जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. मग चॉकलेटने डोकं दुखलं, की डोकं दुखणार होतं म्हणून चॉकलेटची आठवण झाली? उपाशी राहण्याचं तसं नाही. अर्धशिशीला ते खरंच निमित्त ठरू शकतं. माझ्या कालनिर्णयवर संकष्टीच्या चौकोनांत चंद्रोदयाच्या वेळेशेजारी फुली बऱ्याचदा दिसते. पण संकष्टी महिन्यातून एकदाच, त्यामुळे खात्री करायची तर वर्ष जायचं.

नोव्हेंबरपासून दोन खुणा करू लागले: दुखण्याची फुली आणि गोळीचं टिंब. पहिल्याच महिन्यात नऊ फुल्या आणि तेरा टिंबं! चार गोळ्या नुसत्या ‘दुखेल बहुतेक’ या धास्तीने घेतल्या होत्या. साधी पॅरासिटामॉल महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, कॅफीन वगैरे घातलेली मिश्र गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर वेदनाशामकच डोकेदुखी वाढवू शकतं. माझी गोळी मिश्र होती.

कालनिर्णय घडी घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पेनाचं टोक टेकवत टिंबं मोजली, दोनदा. ढगांबद्दल काही विचारलंच नाही.