गाडी लहान की रूळ अरुंद? स्केल आणि गेजचा घोळ

माझ्या पहिल्या नॅरोगेज (अरुंद रुळाच्या) मॉडेल इंजिनाचा ड्रायव्हर कमरेइतकाही उंच नव्हता. इंजिन ९ मिमी रुळावर धावणारं होतं, म्हणून मी ९ मिमी रुळांसाठीची, म्हणजे एन स्केल या छोट्या मापाची, माणसं विकत घेतली. ९ म्हणजे ९, त्यात काय चुकणार? घरी येऊन त्या गृहस्थाला केबिनमध्ये उभं केलं, तर खिडकीतून टोपीचं टोकसुद्धा दिसेना. इंजिन बरोबर होतं, माणूसही आपल्या जागी बरोबर होता. चूक माझी होती. मी दोघांचा गेज जुळवला, स्केल पाहिलाच नाही.

मॉडेल रेल्वेच्या छंदात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी इतके सर्रास वापरले जातात की फरक आहे हेच विसरायला होतं. एचओ हे मॉडेलांचं एक माप घ्या: त्याला ‘एचओ गेज’ म्हणतात, ‘एचओ स्केल’ही म्हणतात. फक्त मोठ्या लाइनच्या गाड्या ठेवणाऱ्याचं त्यामुळे काही अडत नाही. सगळं सामान एकाच मापाचं असेल, तर कुठल्या नावानं हाक मारता याला महत्त्व नाही. नॅरोगेजकडे वळलात की मात्र हा घोळ खिशाला आणि डोळ्याला दोन्हीकडे बोचतो.

स्केल म्हणजे प्रमाण. खरी वस्तू किती पटींनी लहान केली, ते. एचओचा स्केल १:८७, म्हणजे ८७ मिमी लांबीची खरी वस्तू मॉडेलमध्ये १ मिमीची. हे माप इंजिनाला, डब्याला, माणसाला, झाडाला, सिग्नलच्या खांबाला, सगळ्यांना सारखंच लागू. गेज म्हणजे फक्त एक अंतर: दोन रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमधलं. गेज माणसाबद्दल काहीही सांगत नाही. म्हणूनच माझा ड्रायव्हर बुटका निघाला.

दोन्हींची सांगड घालायला एक भागाकार पुरतो. खरा गेज मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला स्केलच्या आकड्यानं भागा, मॉडेलचा गेज मिळतो. स्टँडर्ड गेज, म्हणजे युरोप-अमेरिकेतला नेहमीचा रूळ, १४३५ मिमी. भागिले ८७ केलं की १६.५ मिमी येतं, हा एचओचा रूळ. इथवर सरळ आहे.

आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेला ओओ हा स्केल १:७६ च्या आसपास आहे, नेमका १:७६.२, म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिमी. पण त्याचा रूळ एचओचाच, १६.५ मिमीचा. उलटा गुणाकार करा: १६.५ गुणिले ७६.२ म्हणजे १२५७ मिमी. खऱ्या १४३५ पेक्षा सात इंच कमी! ब्रिटिश इंजिनं युरोपीय इंजिनांपेक्षा अंगानं लहान. हे माप ठरलं तेव्हाच्या मॉडेलांच्या विजेच्या मोटर त्यांच्या एचओ मापाच्या शरीरात मावेनात, म्हणून शरीर थोडं मोठं केलं आणि रूळ तसाच ठेवला. ओओवाले म्हणजे नकळत नॅरोगेज चालवणारे, असं मी गमतीत म्हणतो, आणि ते चिडतात. ज्यांना हे खुपतं ते १८.२ मिमीचा ईएम किंवा १८.८३ मिमीचा पी४ रूळ हातानं टाकतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

कागदावरचं हे गणित मला पटलं होतं, पण डोळ्यांना पटलं ते खऱ्या हेरिटेज नॅरोगेज लाइनच्या फलाटावर. बहुतेक प्रवासी इंजिन पाहून ‘किती छोटी गाडी!’ म्हणतात आणि फोटो काढतात. मॉडेलवाल्यानं तिथं एकच प्रश्न विचारावा: ही गाडी लहान आहे की फक्त हिचे रूळ जवळ आहेत?

उत्तर हवं असेल तर गाडीकडे बघण्याआधी माणसाच्या हाताला लागणाऱ्या वस्तू बघा. दाराची कडी, चढायची पायरी, हँडब्रेकचं चाक, कोळशाचं फावडं. ही सगळी पूर्ण मापाची असतात. रूळ दोन फुटांवर आले म्हणून फावडेवाल्याचा हात लहान होत नाही. दारातून आत जाताना वाकावं लागलं तरी आसन माणसाच्या बुडाच्या मापाचंच असतं. मग बारकं काय असतं? रूळ हलके, चाकं लहान, स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) आखूड, इंजिन ठेंगणं. दोन फुटी रुळावर सहा फूट रुंदीचा डबा उभा असेल, तर डबा रुळाच्या तिप्पट रुंद झाला. स्टँडर्ड गेजवर हेच गुणोत्तर दुपटीच्या आसपास राहतं. समोरून पाहिलं की डबा रुळांवर बसलेला नाही, रुळांवरून दोन्हीकडे ओसंडलेला वाटतो. नॅरोगेजचं रूप म्हणतात ते हेच, आणि मॉडेलमध्ये ते चुकलं तर बाकी कितीही बारकाई करा, गाडी नॅरोगेज वाटत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण इंग्लंडच्या किनाऱ्यावरची रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या लाइनचा गेज १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. तिची इंजिनं मोठ्या लाइनच्या एक्स्प्रेस इंजिनांची साधारण एक तृतीयांश आकाराची रूपं आहेत. शेजारी प्रौढ माणूस उभा राहिला तर तोच इंजिनापेक्षा उंच. ही गाडी खरोखर लहान केलेली आहे, म्हणजे प्रवासी वाहून नेणारं मॉडेलच म्हणा. आणि गंमत अशी की १४३५ चा तिसरा भाग ४७८ होतो, रूळ मात्र ३८१ वर. ओओची जी तक्रार, तीच इथंही, फक्त मोठ्या मापात.

वेल्समधली फेस्टिनिओग रेल्वे घ्या. १८३६ मध्ये स्लेट वाहून नेण्यासाठी सुरू झाली, गेज ५९७ मिमी. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनानं खाली यायच्या आणि रिकाम्या घोडे वर ओढून न्यायचे. डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळणं घेत जायचं तर रुंद रूळ परवडत नाहीत, म्हणून अरुंद. इथं कुणी काही ‘लहान’ करायला बसलं नव्हतं. दार्जिलिंगचंही तसंच. १८८१ ची ही लाइन दोन फुटी, घूमला २२५८ मीटरवर जाते, वाटेत वेटोळी आणि झेडसारखे उलटसुलट टप्पे. नेरळ-माथेरान १९०७ ची, तीही दोन फुटी. कालका-शिमला १९०३ ची, पण अडीच फुटी, ७६२ मिमी. बार्शी लाइट रेल्वेही अडीच फुटीच होती. दोन फुटी आणि अडीच फुटी हा फरक फलाटावर उभ्या नवख्याला जाणवतही नाही, पण मॉडेलवाल्याला पुढे तोच छळतो.

कसा, ते बघा. दार्जिलिंगचे ६१० मिमी भागिले ७६.२ म्हणजे बरोब्बर ८ मिमी. पण बाजारात सहज मिळतो तो ९ मिमीचा रूळ, आणि १:७६ ची नॅरोगेज मॉडेलं त्यावरच धावतात. या जोडीला ओओ९ म्हणतात. म्हणजे तुमचं दार्जिलिंग रुळाशी खऱ्या मापाच्या तीन इंच जास्त रुंद. कालका-शिमलाचे ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊच्या जवळ. ९ मिमी रुळावर एचओमध्ये हे जवळजवळ चपखल बसतं. आणि ९ मिमी गुणिले ७६.२ म्हणजे ६८६ मिमी, पक्के दोन फूट तीन इंच. हा विचित्र गेज जगात कुठे असेल? वेल्समधल्या तालिलिनला आहे. १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतलेली ही जगातली पहिली जतन केलेली रेल्वे. ओओ९ वाल्याला मापात एक केसही न चुकता मॉडेल करायचं असेल, तर तालिलिनकडे जावं. हे कळल्यावर मला उगाच आनंद झाला होता.

नीलगिरीचा विषय निघाला की आणखी एक घोळ होतो. आपल्याकडे तिला बिनदिक्कत टॉय ट्रेन म्हणून नॅरोगेजच्या रांगेत बसवतात. ती मीटरगेज आहे, १००० मिमी. भारतात मीटरगेज आणि नॅरोगेज वेगळे धरतात, पण जगात साधारणपणे १४३५ पेक्षा कमी ते सगळं नॅरोगेजच. त्यामुळे परदेशी मॉडेलवाल्याशी बोलताना ‘नॅरोगेज’ एवढ्यावर थांबू नका, मिमी सांगा. नीलगिरीला एचओमध्ये १२ मिमी रूळ लागतो, त्या जोडीला युरोपात एचओएम म्हणतात. एम म्हणजे मीटर. ९ मिमीवाली जोडी एचओई. अमेरिकेत शेपटीला आकडा लावतात: एचओएन३ म्हणजे तीन फुटी, एचओएन३० म्हणजे तीस इंची. एचओई आणि एचओएन३० ही एकाच रुळाची दोन नावं, हे मला फार उशिरा उमगलं.

मोठ्या मापात तर घोळाचा कळस आहे. ४५ मिमीचा रूळ. यावर १:३२ ची गाडी ठेवली तर ती स्टँडर्ड गेजची होते, १:२२.५ ची ठेवली तर मीटरगेजची, १:२०.३ ची ठेवली तर तीन फुटी. रूळ तोच, खडी तीच, आणि तीन वेगळी जगं. एलजीबी या जर्मन ब्रँडनं १९६८ मध्ये १:२२.५ च्या गाड्या बागेत आणल्या, तेव्हापासून या रुळाला लोक ‘जी स्केल’ म्हणतात. ‘जी’ हा एक स्केल नाहीच, पण आता ते नाव काढून घेणं कुणाच्या हातात राहिलेलं नाही.

तर फलाटावर काय करायचं? रुळात उतरू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच. गार्ड किंवा तिथले स्वयंसेवक मॉडेलवाल्यांना चांगले ओळखतात. ‘काका, जरा या बफरचा फोटो घेऊ का?’ एवढं म्हटलं तरी पुरतं, मग तेच तुम्हाला शेडपर्यंत घेऊन जातात. मी सोबत एक मीटरची लाकडी पट्टी नेतो, दर दहा सेंटीमीटरला काळा-पांढरा पट्टा रंगवलेली. डब्याला टेकवून ती उभी धरायची आणि अगदी समोरून फोटो घ्यायचा, तिरका नाही. घरी फोटोतल्या पट्टीवरून दाराची उंची, खिडकीची रुंदी सगळं मोजता येतं. ही मापं स्केलची. त्यांना ७६ नं किंवा ८७ नं भागायचं.

गेज मात्र वेगळा लिहायचा, आणि मोजायचाच तर सरळ मार्गावर, कारण तीव्र वळणांवर चाकं अडकू नयेत म्हणून रूळ मुद्दाम थोडे लांब ठेवतात. वळणावर मोजून ‘यांचा गेज तर चुकीचा आहे’ म्हणणारे मी पाहिले आहेत. एकदा मीही म्हटलं होतं.

तिसरी गोष्ट स्लीपर. त्यांचं अंतर पावलांनी नाही, पट्टीनं मोजा. एन स्केलचा तयार रूळ ओओ९ साठी वापरला की गेज जुळतो, पण स्लीपर १:१६० किंवा १:१४८ च्या मापानं, साधारण ४ मिमी अंतरावर येतात. खऱ्या लाइनवर स्लीपर साठ सेंटीमीटरवर असतील तर ओओमध्ये ते ८ मिमी हवेत. म्हणून एनचा रूळ ओओ९ च्या गाडीखाली कंगव्यासारखा दिसतो. उपाय दोन: ओओ९ साठी वेगळा मिळणारा रूळ घ्या, नाहीतर एकाआड एक स्लीपर कापून उरलेले खडीत आणि गवतात बुडवा. जुन्या लाइनवर खडी कमी आणि गवत जास्त असतंच, त्यामुळे हा आळस वास्तवाला धरून ठरतो.

जागेचा हिशेबही स्केलवर चालतो, गेजवर नाही. ९ मिमी रूळ आहे म्हणजे एनइतकीच जागा लागेल, असं समजून मी पहिला फलाट आखला आणि तिसरा डबा बाहेर राहिला. डबे १:७६ चे होते, इमारती १:७६ च्या हव्यात, डोंगरही त्याच मापाचा. वाचते ती जागा वळणांत. खरी नॅरोगेज वळणं इतकी तीव्र असतात की साठ फूट त्रिज्येचं वळण ओओमध्ये २४० मिमी त्रिज्येचं होतं, म्हणजे अर्ध्या मीटरहूनही थोडं लहान वर्तुळ. मोठ्या लाइनच्या मॉडेलमध्ये असं वळण डोळ्याला खटकतं, इथं ते खरं असतं.

त्या बुटक्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं? एन स्केलचा माणूस १२ मिमीच्या आतबाहेर, ओओत त्याची उंची होते सुमारे ९० सेंटीमीटर. टोपी कानशीनं घासून काढली, कोटाला पिवळा रंग दिला आणि त्याला फलाटावर एका बाईच्या हाताशी उभं केलं. चेहरा थोडा पोक्त आहे, पण हातभर अंतरावरून तो गाडीची वाट बघणारा तीन वर्षांचा पोरगाच वाटतो.