‘मोजा’ बटणाच्या आत काय दडलंय?

मायक्रोस्कोपमधून काढलेल्या फोटोत पेशी किती आहेत? प्रश्न एवढाच असतो. पण तो संगणकापुढे ठेवला की संगणकच उलट विचारू लागतो: थ्रेशोल्ड किती ठेवू? आधी चित्र किती धूसर करू? चिकटलेले ठिपके वेगळे करू का? पेशींचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेला माणूसही इथे अडखळतो.

यातला थ्रेशोल्ड समजला की बरंच कोडं सुटतं. 8 बिटच्या कृष्णधवल चित्रात प्रत्येक पिक्सेल म्हणजे 0 ते 255 मधला एक आकडा: 0 काळा, 255 पांढरा. पेशी उजळ दिसत असतील, तर मधला एखादा आकडा धरायचा, तोच थ्रेशोल्ड. त्याच्या वरची ती पेशी, खालची ती मोकळी जागा. समजा 90 धरला, तर शेजारच्या दोन पेशींमधली अंधुक फटही उजळात मोजली जाते आणि दोघींची एकच पेशी होते. 140 धरला, तर फिकट पेशी हिशेबातूनच जातात. चित्र तेच, उत्तरं दोन.

हा आकडा आपोआप निवडण्याची एक रीत नोबुयुकी ओत्सू यांनी 1979 मध्ये मांडली. दोन्ही गटांतले पिक्सेल आपापसांत जास्तीत जास्त सारखे राहतील, अशा जागी ती रेघ मारते. पुढे अशा रीती वाढत गेल्या. वेन रासबँड यांनी 1997 मध्ये सुरू केलेल्या, आजही जगभर वापरात असलेल्या ‘इमेजजे’ या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची डझनाहून मोठी यादी मिळते. तज्ज्ञाला ती मेजवानी. नवख्याला मात्र परीक्षेचा पेपर, तोही दुसऱ्याच विषयाचा.

मग बटणं लपवली की झालं सोपं? मला तसं वाटत नाही. बदलायला हवा तो प्रश्न. ‘इलास्टिक’ हे सॉफ्टवेअर आकडा मागतच नाही, हातात ब्रश देतं. दोन-चार पेशींवर एका रंगाने, मोकळ्या जागेवर दुसऱ्या रंगाने फराटे मारा. त्यावरून शिकून ते उरलेलं चित्र रंगवतं. चुकलं तर चुकलेल्या जागीच आणखी एक फराटा. ‘सेलपोज’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या पेशीचा साधारण व्यास विचारायच्या. तो तर डोळ्यांनी बघून सांगता येतो!

भीती वाटते ती एकुलत्या एका ‘मोजा’ बटणाची. दाबलं की ‘347’ येतं आणि विषय संपतो. आतल्या आत थ्रेशोल्ड ठरलेलाच असतो, फक्त कुणी पाहिलेला नसतो. तो आकडा निकालासोबत जपून ठेवायला हवाच. पण त्याहून गरजेचं म्हणजे मोजलेल्या प्रत्येक पेशीभोवती मूळ चित्रावरच रेघ काढून दाखवणं. एका कोपऱ्यात प्रकाश कमी पडला असेल, तर ओत्सूची रीतही तिथल्या पेशींना अंधारात ढकलते. ‘347’कडे बघून हे कळायचं नाही. रेघा दिसल्या, तर ओत्सूचं नावही न ऐकलेला माणूस त्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारेल, “इथल्या का नाही धरल्या?”