एक ‘नाही’ आणि वीस प्रश्न गायब

कापूस न पेरलेल्या माणसाला ‘बोंडअळीनं किती नुकसान झालं?’ असं विचारलं, की तो एक तर हसतो, नाही तर मनाला येईल तो आकडा सांगतो. दुसरं जास्त वाईट. सर्वेक्षणाच्या कागदी फॉर्मवर यासाठी ‘उत्तर नाही असल्यास थेट प्रश्न १७ वर जा’ अशी बारीक अक्षरातली सूचना असायची आणि धुऱ्यावर उभ्यानं फॉर्म भरणाऱ्याच्या नजरेतून ती सुटायची. मोबाइलच्या फॉर्ममध्ये हे काम माणसाकडे राहत नाही; आधीचं उत्तर बघून गैरलागू प्रश्न फॉर्मच लपवतो.

आतली यंत्रणा तशी साधी आहे. मोबाइलवर सर्वेक्षणाचे फॉर्म चालवणारी साधनं, म्हणजे २००८ च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं ओडीके किंवा त्याच वळणाचं कोबो घ्या. यांचा फॉर्म चक्क एक्सेलच्या तक्त्यात लिहिता येतो. एका ओळीत एक प्रश्न आणि ‘रेलेव्हंट’ नावाच्या रकान्यात त्याची अट : ‘पिकं’ या प्रश्नात कापूस निवडला असेल, तरच ही ओळ दाखव. हा हिशेब फोनवरच होतो, त्यामुळे मेळघाटात रेंज नसली तरी फॉर्म अडत नाही. माहिती मागाहून पाठवता येते.

गूगल फॉर्मही उत्तर बघून पुढच्या विभागात पाठवतो, पण एकच पर्याय निवडायच्या प्रश्नावरूनच. आपल्याकडे कापसाच्या ओळींत तूर असते, शेजारच्या तुकड्यात सोयाबीन. ‘एकच पीक निवडा’ म्हटलं की फॉर्म तिथंच खोटा पडला.

खरी गोम मात्र फाटकावरच्या प्रश्नात असते, म्हणजे ज्याच्या उत्तरावर पुढचं सगळं उघडतं किंवा बंद होतं त्यात.

“वावर हाय का ताई तुमच्याकडं?”

“नाई जी. सासऱ्याच्या नावानं हाय.”

सर्वेक्षक ‘नाही’वर बोट ठेवतो. पेरणी, निंदण, वेचणी, फवारणी, सगळे प्रश्न एका क्षणात नाहीसे होतात आणि हंगामभर वावरात राबलेली बाई फॉर्मच्या लेखी शेतकरी उरत नाही. मक्त्यानं करणाऱ्याचंही तेच, सातबारा दुसऱ्याचा. कागदावर निदान समासात काही खरडता यायचं. ‘यंदा तुम्ही कोणत्या वावरात काम केलं? ते कोणाच्याही नावावर असो’ असं विचारलं, तर फाटक उघडं राहतं. माझं मत विचाराल तर फॉर्म बनवण्याचा अर्धा वेळ अशा दोन-तीन प्रश्नांवरच घालवावा.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. प्रत्येक ‘हो’ मागं पाच प्रश्न येतात हे लोकांच्या पटकन लक्षात येतं. गाय आहे? हो. मग दूध किती, चारा किती, खर्च किती. शेळीच्या वेळी उत्तर येतं : नाही. शेळी मागं बांधलेली असते, ओरडतही असते! ऊन चढलं की सर्वेक्षकालाही हे ‘नाही’ गोड लागतं. सर्वेक्षणशास्त्रात ही प्रवृत्ती चांगली अभ्यासलेली आहे. तोडगा असा, की सगळे हो-नाही आधी एका दमात विचारून घ्यायचे, तपशील नंतर. तोवर कोणत्या ‘हो’ला किती किंमत पडते हे कुणालाच कळलेलं नसतं. मात्र तोच सर्वेक्षक पाचव्या घरी गेला की त्याला सगळं पाठ झालेलं असतं, त्याला इलाज नाही.

तपासणीचं गणितही अंगावर येतं. हो-नाहीची दहा स्वतंत्र फाटकं असली, तर वाटा होतात १०२४. सगळ्या चालून बघणं शक्य नाही. म्हणून गावात भेटतील अशी वाकडी माणसं कल्पून त्यांच्या वतीनं फॉर्म भरावा : नुसती संत्र्याची बाग असलेला, मक्त्यानं करणारा, फेब्रुवारीतही पऱ्हाटी (कापसाची झाडं) उभी ठेवून फरदड, म्हणजे हंगामानंतरचा जादा कापूस, घेणारा. ‘शेवटची वेचणी कोणत्या तारखेला झाली?’ हा प्रश्न सक्तीचा केला असेल, तर हा फरदडवाला तिथंच अडकतो, कारण त्याची शेवटची वेचणी अजून व्हायची आहे. गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत तगवते ती फरदडच, म्हणजे सगळ्यात मोलाचं उत्तर याचंच. आणि पुढचं पान उघडावं म्हणून सर्वेक्षक तिथं आजची तारीख टाकून मोकळा होतो.