स्वर्गाची आशा (ख्रिस्ती संकल्पना)

मरणाने सगळं संपत नाही, ख्रिस्तावर विश्वास ठेवून मेलेले पुन्हा उठतील आणि देवाच्या सहवासात कायमचे राहतील, हा ख्रिस्ती लोकांचा भरवसा म्हणजे स्वर्गाची आशा. 'आशा' या शब्दापाशी जरा थांबायला लागतं, कारण रोजच्या बोलण्यात आपण "आशा आहे" म्हणतो तेव्हा अर्धी शंका मनात असतेच, झालं तर झालं असा सूर असतो, आणि संतांच्या वाणीत तर आशा म्हणजे तोडून टाकायची बेडी. नव्या करारातली (बायबलच्या दुसऱ्या भागातली) आशा (ग्रीकमध्ये एल्पिस) तशी नाही, ज्याने शब्द दिलाय तो पाळणारच असं धरून वाट बघत राहणं म्हणजे ती आशा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (६:१९) तिला जिवाचा नांगर म्हटलंय, म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे! रोमच्या भुयारी दफनभूमींमध्ये सुरुवातीच्या ख्रिस्ती थडग्यांवर हा नांगर कोरलेला सापडतो.

'स्वर्ग' शब्दानेही घोळ होतो. मराठी माणसाला स्वर्ग म्हटलं की इंद्राचा दरबार आठवतो, आणि पुण्याईचा बॅलन्स संपला की परत खाली. ख्रिस्ती स्वर्गातून परत यायचं नसतं आणि तो कमाईने नाही, कृपेने मिळतो असं मानतात (मग चांगल्या कर्मांचं काय, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांचा वाद १६व्या शतकापासून चालूच आहे). पण खरी गंमत पुढेच आहे. बऱ्याच भाविकांच्याही डोक्यात ढग, पंख, वीणा असं काहीतरी चित्र असतं, आणि बायबलच्या शेवटी मात्र माणसं वर जाताना दिसत नाहीत, उलट प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते, पवित्र नगर खाली उतरतं, देव माणसांमध्ये राहायला येतो आणि त्यांचे अश्रू पुसतो. इ.स. ३८१ मध्ये ठरलेल्या मतांगीकारातही (म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीतही) शेवटी आत्मा उडून जाण्याबद्दल काही नाही, मेलेल्यांचं पुनरुत्थान आणि येणाऱ्या युगाचं जीवन एवढंच आहे. म्हणजे शरीर आणि सृष्टी फेकून द्यायची नाहीत, ती नवी व्हायचीत.

याचा इथल्या जगण्याशी काय संबंध, हे बघायला येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र काढावं. १५वा अध्याय ५८ वचनांचा, जवळजवळ सगळा पुनरुत्थानावर, आणि शेवटचं वचन सुरू होतं 'म्हणून'ने. म्हणून काय? आता निवांत बसा असं नाही, तर खंबीर राहा, काम करत राहा, तुमचे कष्ट वाया जात नाहीत. माझ्या मते या एका 'म्हणून'मध्ये अख्खी संकल्पना आहे. सगळ्यांना ते तेव्हाही पटलं नव्हतं बहुतेक, कारण थेस्सलनीका शहरात काही ख्रिस्ती लोकांनी कामधंदा सोडून दिला होता (प्रभू येणारच आहे मग कशाला राबा, असं त्यामागचं कारण असावं असं बरेच अभ्यासक म्हणतात) आणि पौलाने सरळ लिहिलं, ज्याला काम नको त्याला जेवणही नको.

फिलिप्पैकरांना तो म्हणतो की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिक तिथे वसवले होते, आणि वसाहतीत राहायचं ते उद्या रोमला परत जायचंय म्हणून नव्हे तर रोमची रीत तिथे रुजवायला. येशूने शिकवलेल्या 'प्रभूच्या प्रार्थनेत' हेच मागणं आहे, जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.

प्रत्यक्षात याने काय बदललं? एक तर मरणाची भीती कमी झाली. ३ऱ्या शतकात साथ आली तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः मेले आणि बाकीचे लोक आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकून पळाले (आपल्याच लोकांबद्दल लिहितोय, तेव्हा थोडं सावरून वाचावं). पैशाकडे बघायची नजरही बदलली, कसर आणि गंज लागेल अशी संपत्ती साठवू नका हे येशूचं सांगणं ऐकून काहींनी सगळं वाटून टाकलं. इजिप्तमधला अँथनी त्यातलाच, ३ऱ्या शतकातला, जमीन देऊन टाकून वाळवंटात गेला.

याची दुसरी बाजू पण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. इथे सोसा, तिथे मिळेल, असं सांगून गुलामांना आणि गरिबांना गप्प बसवलं गेलं, मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला लोकांची अफू म्हटलं ते उगाच नाही. पण त्याच गुलामांनी हीच आशा उलटी फिरवली. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेला फ्रेडरिक डग्लस १८५५ च्या आत्मचरित्रात सांगतो की आम्ही कनान देशाची (बायबलमध्ये देवाने वचन दिलेल्या देशाची) गाणी म्हणायचो तेव्हा स्वर्ग तर मनात होताच, पण आम्हाला उत्तरेकडे पळून जायचं होतं, उत्तर हाच आमचा कनान. मालक ऐकत असतील, भजन चाललंय म्हणत असतील!

दुःखाचं मात्र ही आशा काही करत नाही, म्हणजे ते पुसत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका असं पौल म्हणतो, शोकच करू नका असं नाही म्हणत, आणि मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवायला निघालेला येशूसुद्धा थडग्यापाशी पोचण्याआधी रडला. सिमेट्री हा शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थ झोपायची जागा. शरीर पुन्हा उठणार म्हणून ते जपून पुरायचं ही रीत इतकी घट्ट होती की कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ मध्ये परवानगी दिली, आणि रक्षा वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नये, पवित्र जागी ठेवावी, असं २०१६ मध्ये पुन्हा बजावलं.